स्वल्पविरामांची माती

सोमवारी आणि गुरुवारी, नऊ ते बारा,
मीच या गावाची ग्रामपंचायत असते.
बाकीचे दिवस दाराला कुलूप
आणि किल्ली माझ्या कोटाच्या खिशात, बिया काढायच्या चाकूशेजारी.
लोकसंख्या एकशे बारा.
मंगळवारपासून एकशे अकरा,
पण ओक्ताव्ह जोलिव्हेची नोंद अजून व्हायची आहे.

भिंतीवर नकाशा. जिल्ह्याला नदीचं नाव दिलेलं: ओब.
क्रांतीनंतर पॅरिसात बसून ज्यांनी या रेघा ओढल्या
त्यांचा हिशेब म्हणे साधा होता:
घोड्यावरून निघालेला माणूस
दिवसाभरात मुख्य ठाण्याला पोचावा.
घोड्याच्या दमाने मोजलेला जिल्हा.
आता घोड्याला द्राक्षांतलं काय कळणार?

वरच्या वेलींतून पावसानंतर चालून या,
बुटाला शिंपले चिकटतील,
नखाएवढे, वाकडे, हुबेहूब स्वल्पविराम.
इथे समुद्र होता.
वाक्य अर्ध्यावर टाकून गेला.

मग पांढऱ्या झग्यांतले साधू आले,
क्लेर्व्होच्या रानात मठ बांधला, तळघरं खणली,
उतारावर वेली चढवल्या.
पुढे त्याच मठाचा तुरुंग झाला.
माझा मामा तिथे पहारेकरी होता. म्हणायचा,
दोघांचाही दिवस घंटेवर चालायचा,
दोघांच्याही खोल्या लहान,
फक्त साधू कडी आतून लावायचे.
आता तुरुंगही बंद आहे.

१९०८ साली सरकारने ठरवलं:
शँपेन म्हणजे उत्तरेकडचे. तुम्ही नाही.
खरं सांगायचं तर माती सारखी नाहीच,
तिकडे खडू, इकडे ही चिकट शिंपलेमाती.
पण त्यांच्याकडे पीक बुडालं की
गाड्या घेऊन दारात उभे राहायचे,
तेव्हा कुणी ढेकूळ फोडून पाहिलं नव्हतं.

१९११च्या वसंतात एव्हारिस्त जोलिव्हे, ओक्ताव्हचे आजोबा,
खांद्यावर कुदळ टाकून बार-स्यूर-ओबपर्यंत चालत गेले.
हजारो कुदळी होत्या.
चौकात करवसुलीच्या कागदांची होळी केली.
गावोगावच्या पंचायतींनी राजीनामे दिले;
आमचाही माझ्या वहीत आहे,
मेयरची सही, खाली शाईचा डाग,
डागात कुणाचं तरी बोट.
त्यापुढची पानं कोरी.

झेली जन्मली ती त्या कोऱ्या पानांत.
नोंद नंतर समासात केलेली, वेगळ्या शाईने, घाईघाईत.
ती ओक्ताव्हची आई.
ती म्हणायची, मी जन्मले तेव्हा सरकार रुसलं होतं.
रुसलं होतं खरं तर गाव,
पण तिला कोण दुरुस्त करणार?

जूनमध्ये तोडगा निघाला:
बाटलीवर लिहा, ‘शँपेन, दुसरा विभाग’.
सासरी सावत्र म्हणून ओळख करून द्यावी तसं.
तीन वर्षांनी युद्ध.
चर्चजवळच्या दगडावर एकवीस नावं आहेत,
त्यांच्यापुढे विभाग लिहिलेला नाही.

१९२७ला तो शब्द खोडला.
आज एकरी भाव ऐकून पाहुणे शिट्टी वाजवतात,
आणि शाळेत मुलंच नाहीत.
एप्रिलच्या गारठ्यात ओळींमधून मेणाचे डबे पेटतात,
रात्रभर अख्खा उतार जागा,
कोंबांना दव चावू नये म्हणून.
गेल्या वर्षीपर्यंत ओक्ताव्ह खुर्ची टाकून बसायचा तिथे,
अंगात दोन कोट, हातात काही नाही.
मदत कर म्हटलं तर म्हणायचा, मी मोजतोय.
काय, ते कधी सांगितलं नाही.

आज गुरुवार. त्याची मुलगी कागद घेऊन आली,
गाडी चालू ठेवून आत आली.
व्यवसाय? मी विचारलं.
ती थांबली. द्राक्षं, म्हणाली. लिहा, द्राक्षं.
तशी नोंद होत नाही, रकान्यात माणूस लागतो,
पण मी लिहिलं.
आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव,
अर्जाची रीतच ती.
तिच्या बुटाची माती फरशीवर पडली होती.
साडेअकराच वाजले होते.
झाडू कोपऱ्यातच राहू दिला.